तग मोजणारे सर

एम.ए.च्या पहिल्या दिवशी बाकीच्या प्राध्यापकांनी आम्हाला पुस्तकांच्या याद्या दिल्या. आमच्या सरांनी मला विचारलं, "तुझ्या घरी जास्तीचा हंडा आहे का गं?"

मला वाटलं, यांच्याकडे काही कार्य असेल. म्हटलं, "आहे की. पितळी हवा की स्टीलचा?"

"पाणी मावलं की झालं. तो घे आणि उद्यापासून आठ दिवस घाटकोपरच्या टेकडीवर नळाच्या रांगेत उभी राहा. पाणी भर, ज्याला कमी पडेल त्याला दे. कुणाला काही विचारू नकोस, वहीत काही लिहू नकोस. नवव्या दिवशी मला भेट. मग पुस्तकांचं बघू."

विषय होता शहरी समाजशास्त्र. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. गिरणी बंद पडून बाबा घरी बसलेले, कुर्ल्याला एका खोलीत आम्ही पाच जण, आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात एम.ए.पर्यंत पोचलेली मी पहिली. आई मालवणची. तिने माळ्यावरचा हंडा काढून दिला, पण तोंड थोडंच बंद ठेवणार? "नळार उभ्या रवाक कॉलेजात कित्याक जावक होया गो?" मलाही तेच वाटत होतं. म्हटलं, झालं, नेमक्या वेड्याच्या हाती सापडले.

तिसऱ्या दिवशी एका बाईने मला ढकलून रांगेबाहेर काढलं. "ए, कुठली तू? नळ काय तुझ्या बापाचा?" पाचव्या दिवशी मला उशीर झाला, तर त्याच बाईने माझ्यासाठी विटेचा तुकडा ठेवून नंबर धरला होता. ती शेवंताबाई. साताऱ्याकडची, कपाळावर गोंदलेलं, आवाज असा की पायथ्याशी पोचावा. तिची सून नुकती बाळंत झाली होती, म्हणून रांगेतल्या बायका तिचा हंडा न सांगता पुढे सरकवत. एरवी त्याच बायका थेंबा-थेंबावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या.

नवव्या दिवशी सर म्हणाले, "बोल, काय कळलं?"

मी नळाच्या दाबाबद्दल सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "ते नळाचं झालं. रांगेचं सांग." मग मी सुनेचं सांगितलं, विटेच्या तुकड्याचं सांगितलं. सरांनी टेबलावर थाप मारली. "ह्याला म्हणतात तग! शहरातल्या अडचणी मोजायला ढीगभर लोक येतात गं. तरीसुद्धा माणसं कशाच्या जोरावर तगून राहतात, ते कुणी मोजायचं?"

हा त्यांचा लाडका शब्द. विभागातली मुलं पाठीमागे त्यांना 'तगमास्तर' म्हणायची. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू.

अंगाने काटकुळे. बुशशर्टच्या खिशात पेनाऐवजी सुतळीचा गुंडा, तिला हात-हातावर गाठी मारलेल्या. कुठल्याही गल्लीत शिरले की सुतळी काढायचे. मी एकदा हौसेने गल्लीची रुंदी फुटात लिहून नेली, तर ती ओळ लाल पेन्सिलीने खोडली. "फूट काय सांगतेस? ह्या वळणावर तिरडी वळते का? अडलेल्या बाईला खुर्चीत बसवून चार माणसांना खाली नेता येतं का? तेवढं बघ. बाकीचं इंजिनियर बघतील." मग मला परत पाठवलं. तिरडी वळत नव्हती. मेलेल्या माणसाला तिथले लोक वळणापर्यंत हातावर आणायचे आणि पुढे तिरडीवर ठेवायचे. हे मला एका म्हाताऱ्याने इतक्या सहज सांगितलं की मी खालीच बसले.

वहीत "लोक म्हणतात" असं लिहिलं की सर चिडायचे. "लोक म्हणजे कोण? नाव लिही!" आणि तीच वही प्रबंधात उतरवायची वेळ आली की दुप्पट चिडायचे. "नाव कशाला लिहिलंस? खोड!" मी म्हटलं, "सर, एक काहीतरी ठरवा ना." ते म्हणाले, "ठरलेलंच आहे. वहीत नाव हवं, म्हणजे तुला माणूस दिसतो. छापलेल्यात नको, म्हणजे दुसऱ्याला सापडत नाही."

ह्याच पायी त्यांचं नुकसान झालं. वीस वर्षं उपनगरांतल्या वस्त्या पालथ्या घातलेला माणूस, मानखुर्दपासून मढच्या कोळीवाड्यापर्यंत. पण त्यांच्या लेखांत जिथे नकाशा यायचा तिथे कोरं पान, आणि खाली ओळ : 'नकाशा जागेवर आहे.' कुठलं मासिक असलं छापणार? त्यांच्या हाताखाली शिकलेले पुढे गेले, सर तिथेच. पलंगाखालच्या हिरव्या ट्रंकेत त्यांनी काढलेले सोळा नकाशे होते. विभागप्रमुख म्हणायचे, "ह्यांचे नकाशे म्हणजे लॉकरमधले दागिने. ऐकून सगळ्यांना माहीत, अंगावर घातलेले कुणी पाहिले नाहीत."

सरांचं यावर एकच उत्तर होतं. "ज्या कागदावरून माणूस सापडतो, तो कागद आपला नाही."

राहायला मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सोबत विधवा थोरली बहीण, तिला सगळे अक्का म्हणायचे. दाराच्या मागे जाड दोर टांगलेला, खिळ्याला शिट्टी, रेशनकार्ड आणि इतर कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर, मेणबत्त्या चार ठिकाणी. मी हसून म्हटलं, "सर, तिसऱ्या मजल्यावर पूर आला तर मुंबई उरेल का?"

"पूर काय फक्त पाण्याचाच येतो?" असं म्हणून त्यांनी मला दोराची गाठ बांधायला शिकवली.

आता गंमत ऐका. शहरात माणसं एकमेकांना कशी धरून राहतात, यावर तासन्‌तास बोलणाऱ्या ह्या माणसाचा समोरच्या बिऱ्हाडाशी कित्येक वर्षं अबोला होता. का, तर त्या लोकांनी जिन्याच्या वळणावर चपलांचं कपाट ठेवलं. "आग लागली तर माणसं उतरणार कुठून?" म्हणून सरांनी एकदा ते कपाट उचलून गच्चीत नेऊन ठेवलं, चपलांसकट. सोसायटीच्या सभेत हमरीतुमरी झाली. तेव्हापासून दोन्ही दारं बंद. आणि इकडे अक्का, सर कॉलेजात गेले की समोरच्या वहिनींना वाटीभर आमटी देऊन यायची, त्यांच्याकडून ढोकळा आणायची. मला डोळा घालून म्हणाली होती, "तो त्या टेकडीवर जाऊन तग मोजतो. मी इथे जिना ओलांडून मोजते."

टेकडीवर मात्र सरांना मान होता. दर रविवारी सकाळी जायचे. कुणाची अर्जावर सही, कुणाच्या मुलाची शाळा, कुणाचं दोन घरांमधल्या भिंतीवरून भांडण. शेवंताबाईच्या दारातल्या खाटेवर बसले की समोर चहा यायचा, न विचारता. पोरंटोरं सुतळी ओढायची. घरी शेजाऱ्याला न सोसणारा हा माणूस तिथे इतका मोकळा हसायचा की अक्काने पाहिलं असतं तर दृष्ट काढली असती.

माझ्या प्रबंधाचा विषय सरांनीच दिला. ती वस्ती वरचेवर तोडली जायची आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उभी राहायची. कशी? ते शोध, म्हणाले.

मला वर्षभर लागलं. पायथ्याशी एक म्हातारा चपला शिवायचा. तोडायला येणाऱ्यांची लॉरी वळली की तो शिट्टी घालायचा. वर शेवंताबाई परात बडवायची. त्यासरशी जो तो आपापल्या घराचे पत्रे आणि बांबू उतरवायचा आणि मागच्या पायवाटेने दगडाच्या जुन्या खदानीत नेऊन ठेवायचा. म्हातारी माणसं एका घरात, कागदपत्रं दुसऱ्या घरात, चुली तिसऱ्याच ठिकाणी. लॉरीवाल्यांना वर पोचेपर्यंत नुसत्या कुडाच्या भिंती तोडायला मिळायच्या. ते गेले की पत्रे परत यायचे. कुणाचे कुठले, त्यावर भांडण नाही. प्रत्येक पत्र्यावर आतून खूण होती.

हे सगळं मी एका नकाशावर काढलं. सरच म्हणाले होते, "काढल्याशिवाय दिसत नाही. काढ, बघ, आणि मला आणून दे." शिट्टीची जागा, परातीची जागा, पायवाट, खदान, सगळं. हिरवी, लाल, निळी शाई. आयुष्यात मी इतकं सुंदर काही केलं नव्हतं. सर कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "झकास." त्यांच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आणि तो सतरावा नकाशा ट्रंकेत गेला.

पण त्याआधी मी त्याची ट्रेसिंग पेपरवर एक नक्कल काढून ठेवली होती. का ठेवली? आवडला होता मला माझा नकाशा. एवढंच कारण.

प्रबंध संपत आला आणि अंधेरीच्या एका सल्लागार ऑफिसमधून मुलाखतीचं बोलावणं आलं. शहराची पाहणी करून वेगवेगळ्या कचेऱ्यांना अहवाल द्यायचे ते. थंडगार खोली, टायवाले तीन साहेब. मुलाखत काही रंगेना. एकाने घड्याळ पाहिलं. तेव्हा मी पिशवीतून ती गुंडाळी काढून टेबलावर पसरली.

तिघेही उठून उभे राहिले. "हे तुम्ही केलंत? एकटीने?" मी बोलत सुटले. शिट्टी, परात, खदान. असं कौतुक माझं कुणी कधी केलं नव्हतं हो! शेवटी मोठे साहेब म्हणाले, "हा राहू दे आमच्याकडे. अभ्यासाला बरा पडेल."

तिथे 'नको' म्हणायचं होतं. मला माहीत होतं. कोरं पान, ट्रंक, 'तो कागद आपला नाही', सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी म्हटलं, "हो सर, ठेवा ना."

नोकरी लागली. दाढी वाढवून भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या बाबांनी त्या दिवशी गुळगुळीत दाढी केली आणि चाळभर पेढे वाटले. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघून रडू आलं.

महिन्याच्या आतच, एका सकाळी, टेकडीवर लॉरी आली. पायथ्याशी नाही, मागून. खदानीच्या बाजूने. पुढून दुसरी आली तेव्हा शिट्टी झाली, परात वाजली, सगळे नेहमीप्रमाणे पत्रे घेऊन पायवाटेने खदानीत उतरले आणि थेट त्यांच्या हातात सापडले. पत्रे, बांबू, ताडपत्र्या, सगळं लॉरीत भरून नेलं. त्या संध्याकाळी वस्ती उभी राहिली नाही.

तो कागद कुणाच्या टेबलावरून कुणाच्या टेबलावर गेला, मला आजवर कळलेलं नाही. मी विचारलंच नाही.

मी पोचले तेव्हा सर आधीच आले होते. उघड्यावर संसार पडले होते. शेवंताबाई तिच्या सुनेला आणि नातवाला चादरीच्या सावलीत बसवत होती. सरांना बघून ती उठली.

"मास्तर, खदानीचं आमच्याबगार कुनाला ठाव हुतं?"

सरांनी खिशातल्या सुतळीवर हात ठेवला.

"तुमाला ठाव हुतं. तुमच्या कागदावर हुतं. बोला की!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मान खाली घातली. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

"माझ्याकडून गेला तो कागद," ते म्हणाले. "ट्रंकेला कुलूप लावलं नव्हतं. चूक माझी आहे, शेवंताबाई."

मी तिथेच उभी होते, दोन हातांवर. शेवंताबाईने शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "इस्वासानं बसवलं हुतं तुमाला. आता परत हितं पाय ठिवू नगा." आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "ह्या पोरीला काय न्हाई म्हनत मी. ही आमच्यासंगट नळावर हुबी ऱ्हायली."

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला गेले. सर माझं शेवटचं प्रकरण तपासत बसले होते, लाल पेन्सिल हातात. मी रडत सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बाबांनी दाढी केली म्हणालीस ना परवा?"

"सर, मी आत्ता टेकडीवर जाऊन सांगते."

"सांग. पण आज गेलीस तर तिथले लोक तुझ्या ऑफिसवर जातील आणि तुझी नोकरी जाईल. तिकडे पत्रे तर काही परत यायचे नाहीत." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मी तुला थोडा वेळ मिळवून दिलाय, इतकंच. घरचं जरा मार्गी लागू दे. मग जा आणि सांग. पण सांग गं. मला तिथे जाता आलं पाहिजे."

मी शपथ घेतली. आईची घेतली.

मग त्यांनी ट्रंक ओढली. सतराच्या सतरा नकाशे बादलीत बुडवले आणि माझ्यासमोर हाताने कुस्करले. वीस वर्षांचं काम. बाजारातून नुकतीच परतलेली अक्का दारात उभी राहून बघत होती. पुढे तिने त्या लगद्यात मेथीचं पीठ कालवून टोपल्या केल्या, आणि त्यांच्या घरात कांदे-लसूण त्या टोपल्यांत असायचे.

वस्ती हळूहळू पुन्हा उभी राहिली. कर्ज काढून, माहेरचे दागिने मोडून, एकेक पत्रा करत. मला प्रबंधात चांगली श्रेणी मिळाली. नकाशाच्या जागी कोरं पान होतं.

आणि मी? पहिल्या वर्षी म्हटलं, धाकट्या भावाचं शिक्षण होऊ दे. मग म्हटलं, नोकरीत कायम होऊ दे. मग माझं लग्न ठरलं, तेव्हा म्हटलं, आता कुठे ही भानगड उकरायची. दिवाळीला सरांकडे फराळ घेऊन जायचे. ते कधी विचारायचे नाहीत. दार उघडलं की फक्त चेहऱ्याकडे बघायचे, आणि मी घाईघाईने म्हणायचे, "चकल्या जरा नरम झाल्यात हं." दोन दिवाळ्यांनंतर मी जायचंही सोडलं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. हा माझा भित्रेपणा, दुसरं काही नाही.

सर गेले ते मला तेराव्यानंतर कळलं. अक्का एकटीच होती. समोरच्या वहिनी तिच्याजवळ बसल्या होत्या. अक्का म्हणाली, "रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा गं. कुठे जायचंय, विचारलं तर म्हणायचा, बघू, निरोप आला तर. दहा वाजेपर्यंत बसायचा, मग शर्ट काढून ठेवायचा." तिला खरं काय ते ठाऊक नव्हतं. भावाच्या हातून कागद गेला, असंच तीही समजत होती. मला म्हणाली, "तुझं मात्र फार कौतुक त्याला. ती जाऊन येईल टेकडीवर, म्हणायचा."

तिथूनच मी तडक घाटकोपरला गेले. आता कसली नोकरी आणि कसलं काय. टेकडी चढताना प्रत्येक पायरीवर वाक्य जुळवत होते. शेवंताबाई दारात तांदूळ निवडत होती. केस पांढरे, आवाज तोच.

"अगं बया, नळावरची पोर! ये, ये, बस."

मी खाटेवर बसले. म्हटलं, "बाई, सर गेले."

तिचे हात थांबले. तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "मानूस वंगाळ न्हवता गं. पर आमचा घात केला त्यानं. माझा नातू त्या थंडीत उघड्यावर गेला, त्ये मी कसं इसरू?"

नातवाचं मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. सरांना माहीत होतं का, तेही मला कधी कळणार नाही. ती उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. तेवढ्या वेळात मला सांगता आलं असतं, ती परत बसल्यावरही सांगता आलं असतं. मी चहा प्याले. तिने विचारलं, मुलंबाळं किती? मी सांगितलं. तिने मला दारापर्यंत सोडलं, गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, आणि मी खाली उतरले.

आज हे सगळं लिहून काढलं आहे, नाव नाही घातलं कुणाचं, एका शेवंताबाईचं सोडून. लिहिण्याचा धीर मला कसा झाला, ते मी जाणून आहे. शेवंताबाईला वाचता येत नाही.